दोन मैलांच्या आत

आई,

तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू होतीस तेव्हाही फारसं लिहीत नव्हतो. फोनवर तब्येत, गॅसचा सिलिंडर आला का, गुडघे कसे आहेत, एवढंच. आज लिहायला बसलोय, कारण समोर जेवणाच्या टेबलावर टपालाने घरी आलेली माझी मतपत्रिका चार दिवस पडून आहे आणि ज्या गोष्टीवर मत द्यायचंय ती शाळेची आहे. शाळेतलं कळणारं माणूस माझ्या आयुष्यात तूच एक होतीस. तुझ्या सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, मला विचारू नकोस, माझं मी भरून पाकिटात घातलंय. काय भरलं ते सांगत नाही. मागच्या खेपेलाही सांगितलं नव्हतं.

इथली रीत तुला आधी सांगायला हवी, नाहीतर तू म्हणशील, शाळेवर कसलं आलंय मत. आम्ही राहतो ओहायोत, कोलंबसच्या उत्तरेला, आणि इथे शाळेला जास्त पैसे द्यायचे की नाही हे गावाला विचारतात. म्हणजे खरोखर मतदान घेऊन विचारतात. शाळेचं मंडळ म्हणतं, भागत नाही हो, घरपट्टीत एवढी वाढ करू द्या. मग ते मतपत्रिकेवर छापून येतं, वकिलाने लिहिल्यासारखं एकाच लांबलचक वाक्यात, आणि खाली दोन वर्तुळं: लेव्हीच्या बाजूने, लेव्हीच्या विरोधात. हो, लेव्हीच म्हणतात. तू ऐकली होतीस ती धान्याची लेव्ही, ही घरावरची. तुमच्या नगरपालिकेच्या शाळेचं छप्पर गळायचं तेव्हा तुम्ही शिक्षिका मिळून अर्ज लिहायचात, वर्षभर त्याचं उत्तर यायचं नाही, आणि गावातल्या एकालाही कुणी विचारायचं नाही की बाबा रे, छप्पर हवंय का. इथे विचारतात. विचारलं की उत्तर द्यावं लागतं, आणि तिथेच माझी पंचाईत आहे.

मी आता चौसष्टचा झालो. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत तीस वर्षं कॉम्प्युटरचं काम केलं, आणि दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी मीटिंगला बोलावून, फार गोड बोलून, घरी बसवलं. तुझी सून अजून बँकेच्या काउंटरवर उभी असते, संध्याकाळी आली की आधी गुडघ्यांना शेक. मुलगा सिॲटलला, मुलगी बॉस्टनला. दोघं रविवारी फोन करतात, आणि मीही तसंच करायचो म्हणून मला काही बोलता येत नाही. हे घर आम्ही घेतलं तेच शाळेसाठी. आपली सगळी माणसं इथे तेच करतात, आधी शाळेचं रेटिंग बघायचं आणि मग घर बघायचं. स्वयंपाकघरात दोन माणसं धड उभी राहत नव्हती, बेसमेंटला ओल होती, तरी घेतलं. दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत फुकट शिकली, पिवळी बस कोपऱ्यावर यायची आणि कोपऱ्यावरच सोडायची. आता घरपट्टीचा कागद वर्षातून दोनदा येतो आणि तो उघडणं जिवावर येतं.

थंडीत आम्ही पाच-सहा जोडपी मॉलमध्ये चालायला जातो. बाहेर बर्फ असला की म्हातारी माणसं इथे मॉलमध्ये चालतात, दुकानं उघडायच्या आधी. त्यात माझा एक नागपूरचा मित्र आहे, तोंडाने फटकळ, मनाने चांगला. गेल्या वर्षी ऑक्टोबरपासून त्याने लेव्हीचा विषय लावून धरला. शाळेने फुटबॉलच्या मैदानावर खोटं गवत बसवलं, ते त्याच्या डोक्यात बसलं होतं. कॉफी पिताना तो सगळ्यांना एकेक करून विचारायचा, नाही म्हणणार ना? मला म्हणाला, "अबे, आपले पोट्टे शिकून गेले, बाप्पा. आता दुसऱ्याच्या पोट्ट्यांसाठी काऊन भरायचं?" मी म्हणालो, खरंय. त्याने पाठीवर थाप मारली आणि माझं मत आपल्या खिशात टाकलं.

त्याच आठवड्यात आमच्या समोरच्या घरातली मुलगी आली. मुलगी म्हणजे पस्तिशीची असेल, तीन वर्षांपूर्वी राहायला आली तेव्हा तुझ्या सुनेकडे विरजण मागायला आली होती, तेव्हापासूनची ओळख. नवरा टेक्सासमध्ये प्रोजेक्टवर, महिन्यातून एकदा येतो. ही एका विमा कंपनीत प्रोग्रामर, व्हिसावर. घरात ती आणि आठ वर्षांची लेक. त्या दिवशी हातात डब्यात शंकरपाळे आणि बगलेत कागदांचं पॅड. बसली, पाणी प्यायली, मग म्हणाली, काका, एक काम होतं. लेव्ही पडली तर शाळेपासून दोन मैलांच्या आत राहणाऱ्या मुलांची बस जानेवारीपासून बंद होणार होती. आम्ही दोन मैलांच्या आत. रस्त्याला फुटपाथ नाही, मधला मोठा चौक लहान मुलीने एकटीने ओलांडावा असा नाही. हिला ऑफिसने आता रोज यायला सांगितलंय, सातला निघावं लागतं, बस आठनंतरची. सकाळी शाळेआधी मुलांना सांभाळतात तिथे वेटिंग लिस्ट. आत्ता बसच्या वेळेपर्यंत लेकीकडे बघायला शेजारची एक कॉलेजची मुलगी यायची, पण तिच्याकडे गाडी नव्हती. सारखा उशीर झाला आणि नोकरी गेली, तर व्हिसावरच्या माणसाला दुसरी शोधायला दोन महिने मिळतात, नाहीतर सामान बांधायचं. हे सगळं ती भरभर, जणू दुसऱ्या कुणाबद्दल असल्यासारखं सांगत होती. मग पॅडवर पेन टेकवून म्हणाली, "काका, आम्ही टॅक्स भरतो, पण आम्हाला मत नाही. तुमच्या घरात दोन आहेत."

मी म्हणालो, अगं, हे काय सांगायला हवं? आमची दोन्ही मतं तुझीच. तिने पॅडवर आमच्या घरासमोर दोन खुणा केल्या. दार लावल्यावर तुझी सून माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिला मॉलमधलं माहीत होतं.

तू म्हणायचीस ना, याच्या तोंडातून नाही निघत नाही. लग्नात, ऑफिसात, मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे मी हो म्हणत आलो. माणूस दारात आला की माझ्यावर भीड पडते, आणि भीड पडली की मी खोटं बोलतो, फार प्रेमाने बोलतो. मत गुप्त असतं ही माझ्यासारख्यांची केवढी सोय आहे बघ. दोघांना हो म्हणायचं आणि आत जाऊन तिसरंच करायचं, कुणाला कळत नाही.

ती पॅड घेऊन पुढच्या दारी गेली तेव्हा मला तू दिसलीस. मे महिना, मी चौथी होऊन पाचवीत जाणार होतो, आणि तू मला बरोबर घेऊन दारोदार फिरतेस. बाबा गिरणीत पहिल्या पाळीला, घरी मला सांभाळायला कुणी नाही. छत्री आहे, पण ती तू माझ्या डोक्यावर धरतेस आणि तुझा खांदा उन्हात. पट भरायचा आहे. जूनमध्ये पट कमी भरला तर तुकडी तुटणार, तुकडी तुटली की शिक्षक जादा ठरणार आणि जादा ठरली की तुला कुठल्या कुठे टाकणार. मला ते तेव्हा कळत नव्हतं, मला एवढंच कळत होतं की आई लोकांच्या दारात उभी राहून मुलं मागते आहे. आपल्या त्या यंत्रमागांच्या गावात दिवसभर खडखड चालू असायची, तू प्रत्येक दारात आवाज चढवून बोलायचीस. एका घरात बाई सुताच्या कांड्या भरत बसली होती आणि शेजारी तिची मुलगी, माझ्याच वयाची, तीही कांड्या भरत होती. तू तिला समजावत होतीस, पाटी-पुस्तक शाळाच देईल, दुपारी घरी येईल, पुन्हा कामाला मिळेल. बाईने ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवत विचारलं, तू कितवीत रे, बाईंच्याच वर्गात का? मी छाती पुढे काढून माझ्या शाळेचं नाव सांगितलं. गावातली ती एकुलती एक फीवाली शाळा, टाय असलेली. फिफ्थ स्टँडर्ड, असंही वर सांगितलं.

बाई हसली. वाईट नाही हसली, अजून आठवतं. म्हणाली, "मग बाई, आमच्याच पोरीला काय म्हणून बोलावताय?" तू छत्रीचं बटण उघडझाक करत राहिलीस. मग तीच म्हणाली, लिवा नाव, तुम्ही दारात आलाय, नाही कसं म्हणू. तू नाव लिहिलंस. ती मुलगी जूनमध्ये आली आणि दिवाळीपर्यंत टिकली, हे तूच पुढे कधीतरी सांगितलंस.

घरी आलो. स्वयंपाकघरात भाकऱ्या करायला बसलीस तेव्हा म्हणालीस, मोठ्या माणसांत विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मी म्हटलं, तिने विचारलं होतं. आणि मग मी विचारलं, मी तुझ्या शाळेत का नाही? तू भाकरी थापत होतीस, ती परातीत तशीच टाकलीस आणि त्याच पिठाच्या हाताने माझ्या गालात दिलीस. थोड्या वेळाने, चुलीकडे बघत, म्हणालीस, "कारण मला तिथलं माहीत आहे."

त्या वाक्याचा राग मी किती वर्षं धरला ते मलाच माहीत नाही. तीस वर्षं तू त्या शाळेत शिकवलंस, तिथल्या पगारावर आपलं घर चाललं, बाबांची गिरणी संपात बंद पडली तेव्हा तर फक्त तुझ्याच. आणि स्वतःच्या मुलाला मात्र तू टाय बांधून दुसरीकडे पाठवलंस. तुझ्या शाळेतल्या सगळ्याच बायकांची मुलं दुसरीकडे होती. तू निवृत्त झाल्यावर शाळा पटाअभावी बंद झाली, तेव्हा तू दोन दिवस धड जेवली नाहीस असं बाबा फोनवर म्हणाले. मला तेव्हा वाईट वाटायच्या ऐवजी वाटलं, मग माझं नाव घातलं असतंस, पट एकाने वाढला असता. हे मी कुणाला बोललो नव्हतो, तुला तर नाहीच.

आणि तरी तू इथे आलीस तेव्हा माझ्यापेक्षा तुलाच जास्त कळलं. एकदाच आलीस, नातू पहिलीत होता. मी तुला त्याची शाळा दाखवायला नेलं, खरं तर मिरवायला नेलं. लायब्ररीतल्या लहान खुर्चीत तू बसलीस, पुस्तकांवरून हात फिरवलास, नळाचं पाणी पिऊन बघितलंस. परत येताना गाडीत विचारलंस, याला पैसे कोण देतं? मी सांगितलं, सगळे देतात. ज्यांना मुलं नाहीत ते पण? ते पण, मी म्हटलं, आपल्या शेजारचे म्हातारा-म्हातारी आहेत ना, त्यांना मूलबाळ नाही, तेही देतात, मतदान करून देतात, आपल्याला तर अजून मतही नाही. मला त्याचा फार अभिमान होता, जणू मीच ती पद्धत काढली होती.  तू विचारलंस, "मग तू त्यांना कधी चहाला बोलावलंस का?"

मी हसलो. इथे असं कुणी कुणाला बोलावत नाही, असं काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर तू नारळाच्या वड्या केल्या होत्यास, बशीवर पेपर नॅपकिन झाकून शेजारी जाऊन आली होतीस, इंग्रजीचा एक शब्द येत नसताना. मी चिडलो. मला विचारायचं तरी, असं काय भलतंच करतेस, म्हणालो. तू म्हणालीस, त्या बाईने खाल्ली एक, माझ्यासमोर. त्यांचं नावसुद्धा मला नीट माहीत नव्हतं तोवर. पुढे ती दोघं वृद्धाश्रमात गेली, घर विकलं, आणि मी त्यांना एकदाही भेटायला गेलो नाही.

एवढं सगळं आठवूनही नोव्हेंबरात मी विरोधात मत दिलं. स्वच्छ सांगतो, वर्तुळ नीट भरलं. बसच्या चिंतेत असलेली ती मुलगी समोर दिसत होती, तरी भरलं. स्वतःला सांगायला कारणं होती. खोटं गवत होतं, शाळेच्या वरच्या अधिकाऱ्यांचे पगार होते, माझी नोकरी गेलेली होती. मलाही इथलं माहीत आहे, असं मी तुझ्याच सुरात मनात म्हणालो. पण खरं कारण ते नव्हतं. मला कंटाळा आला होता, आई. द्यायचा कंटाळा. नोकरीला तीस वर्षं दिली, मुलांना दिलं, मंडळाच्या गणपतीला खुर्च्या उचलून दिल्या, आणि ज्याला ज्याला दिलं तो तो आपापल्या वाटेने गेला. आता बेल वाजली की आधी वाटतं, कोण काय मागायला आलं. निदान एकदा तरी, कुणाला कळणार नाही अशा ठिकाणी, मला नाही म्हणायचं होतं. म्हटलं.

लेव्ही पडली. थोडक्यात पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरची मुलगी आली, डोळे सुजलेले. सोफ्यावर बसून म्हणाली, इतक्या घरी गेले, सगळे हो म्हणाले होते, मग नाही कुणी म्हटलं? मी चहा पुढे केला. ती म्हणाली, तुम्ही दोघं तरी आमच्या बाजूने होतात, तेवढाच आधार. तुझी सून उठून आत गेली आणि भांडी लावत बसली. मग त्या मुलीने फार संकोचाने विचारलं की जानेवारीपासून, फक्त काहीतरी सोय होईपर्यंत, काका, तुम्ही सकाळी हिला शाळेत सोडाल का? बाकी कुणाला विचारायचा धीर होत नाही, कुणी कुठे मत दिलं असेल कोण जाणे.

मी हो म्हणालो. या वेळी भीड होती, की लाज होती, की आणखी काही, ते मी तपासलं नाही. जानेवारीपासून रोज सकाळी सातला ती पोर आमच्या दारात येते. दप्तर, पाण्याची बाटली, डोळ्यांवर अर्धी झोप. तुझी सून तिला दूध देते आणि स्वतः बँकेला निघते, मग आम्ही दोघंच. आठ वाजता मी गाडी गरम करून ठेवतो. दोन मैल पाच मिनिटांचे, पण बस बंद झाल्यापासून सगळेच गाडीने सोडतात, त्यामुळे शाळेपुढची रांग पार चर्चपर्यंत येते आणि आम्हाला अर्धा तास मिळतो. पहिला आठवडा ती बोललीच नाही. दुसऱ्या आठवड्यात, बर्फ नव्हता, छान ऊन होतं, मागच्या सीटवरून तिने विचारलं, "आजोबा, डिड यू व्होट फॉर द बस?"

मी म्हटलं, येस. "आय न्यू इट," ती म्हणाली आणि डब्यातलं सफरचंद खायला लागली. मी वायपर चालू केले, मग बंद केले.

त्या दिवसापासून ती बोलायला लागली, आणि आता थांबत नाही. वर्गात हॅम्स्टर आहे, शुक्रवारी तो कुणाच्या घरी जातो त्याची चिठ्ठी निघते. पुढचा दात पडला तो तिने मला टिश्यूमध्ये गुंडाळून दाखवला. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं बरं चालतं. मी तिला तुझी पावकी म्हणून दाखवली, पाव, अर्धा, पाऊण, एक, तर तिला ते गाणंच वाटलं आणि रांगेत पुढे सरकताना दोघं मिळून म्हणतो. माझा स्क्विरलचा उच्चार ती रोज तपासते आणि रोज नापास करते. उतरताना दार आपटते, मी दार हळू लाव म्हणतो, ती सॉरी म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपटते. मार्चमध्ये तिला ताप आला, चार दिवस आली नाही, तर सकाळी आठला मी अंगात कोट घालून गाडीपाशी उभा होतो. तुझी सून परवा म्हणाली, आजकाल रोज दाढी करतोस. मी म्हटलं, सवय. 

आता मे महिन्यात लेव्ही पुन्हा येतेय, आहे तशीच. पडली की मंडळ पुन्हा आणतं, तशी पद्धत आहे. मॉलमध्ये नागपूरचा मित्र पुन्हा कॉफीवर विचारत फिरतोय. मी या वेळी त्याला सांगितलं की माझं ठरलं नाही. चाळीस वर्षांत कुणाच्या तोंडावर एवढं बोललो नव्हतो. तो म्हणाला, तुला काऊन पुळका आला बे, आणि दोन दिवस माझ्याशिवाय चालला. चार दिवसांपूर्वी समोरची मुलगी पुन्हा आली, तेच पॅड, नवी यादी. या वेळी होईल असं म्हणाली, लोकांनी रांगेत महिने काढलेत, सगळ्यांना कळलंय बस म्हणजे काय. निघताना दारात थांबली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला किती त्रास दिला मी. पास झाली की तुमची सकाळची कटकट संपेल."

मी म्हटलं, छे गं, कटकट कसली.

तेव्हापासून ही मतपत्रिका पडून आहे. तू असतीस तर विचारलं असतंस, आता काय अडलंय? पैशांचं म्हणशील तर ते नोव्हेंबरात होतं तेवढंच आहे, तुझी सून म्हणते भागेल. खोट्या गवताचं आता मला काही वाटत नाही. समोरच्या मुलीला मत नाही, मला आहे, आणि ते द्यायचं कुणाला हे कळायला मला तुला विचारायची गरजही नव्हती. अडलंय ते निराळ्याच जागी, आणि ते मी तुझ्या सुनेलाही सांगू शकत नाही. ऑगस्टमध्ये शाळा पुन्हा उघडेल तेव्हा बस कोपऱ्यावर येईल, ती पोर धावत जाऊन चढेल, खिडकीतून कदाचित हात करेल, मुलांचं काय सांगावं, कदाचित नाही करणार. आणि आठ वाजता मला कुठे जायचं नसेल.

हे लिहितानाच मध्ये उठलो, पेन बदललं आणि लेव्हीच्या बाजूचं वर्तुळ भरलं. कडेपर्यंत, काळं कुळकुळीत. घडी घातली, पाकिटावर जन्मतारीख लिहिली, सही केली. तुला हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण पुढची ओळ तू चष्मा लावून दोनदा वाचली असतीस. मत मी बाजूने दिलंय, आई, आणि पाकीट चिकटवताना मनात म्हणत होतो, या वेळीही पडू दे.